नवशिक्याचा प्रश्न : संगणकविश्वातील परस्परसाहाय्याची सत्तर वर्षे

१/ ‘हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे.’ प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे वाक्य कधी ना कधी येते. त्यात कधी कंटाळा असतो, कधी तुच्छता असते आणि बहुधा तथ्यही असते. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना, कोणताही मोबदला न घेता, संगणक शिकवण्याचा एक मोठा इतिहास या वाक्यामागे उभा आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. #धागा

२/ आरंभ १९५५ सालचा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील विमाननिर्मिती कंपन्या आयबीएम ७०४ हा नवा संगणक घेण्याच्या तयारीत होत्या. यंत्र मिळे. पण त्यावर चालवायचे बहुतेक प्रोग्रॅम ज्याचे त्यालाच लिहावे लागत. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्यांतील तंत्रज्ञांच्या ध्यानात आले की, आपण सारे तेच काम वेगवेगळ्या खोल्यांत बसून पुन्हा पुन्हा करीत आहोत. त्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली आणि प्रोग्रॅम व अनुभव यांची देवाणघेवाण सुरू केली. वापरणाऱ्यांनी वापरणाऱ्यांना मदत करण्याची प्रथा अशी जुनी आहे. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीची.

३/ ‘शेअर’चे सदस्य मात्र कसलेले व्यावसायिक होते. नवशिका अजून या चित्रात नव्हता. ३ नोव्हेंबर १९७१ रोजी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती काढली. प्रत्येक आज्ञेची नोंद स्वतंत्र, मांडणी ठरलेली : नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि ‘बग्ज’ या मथळ्याखाली त्या आज्ञेतील उणिवा. स्वतःच्या निर्मितीतील दोष स्वतःच छापून देणारा हा प्रामाणिकपणा विलक्षण होता. अडचण एकच होती. कोणती आज्ञा शोधायची हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती पुस्तिका उपयोगी पडे. शब्दकोशात शब्द सापडायला तो शब्द आधी माहीत असावा लागतो, तसेच हे.

४/ त्यानंतर आले यूझनेट. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी कल्पना मांडली आणि १९८० साली ती प्रत्यक्षात आली. मध्यवर्ती संगणक नाही, मालक नाही. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेले संदेश त्याच्याकडे उतरवी, तो पुढच्याला. गावोगावची टपाल पिशवी हातोहात पुढे जावी, तसे संदेश पसरत. विषयवार चर्चागट झाले आणि कोणीही कोणालाही प्रश्न विचारू लागला.

५/ पण या पिशवीला वजन होते. फोनचे पैसे लागत, साठवणुकीची जागा अपुरी असे. लॅरी वॉल यांनी लिहिलेल्या यूझनेटच्या प्रोग्रॅममध्ये संदेश धाडण्यापूर्वी एक इशारा झळके. हा संदेश हजारो यंत्रांवर जाणार आहे, तो पोहोचवायला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होतील, तुमची खात्री आहे ना, अशा आशयाचा. आज तो विनोदी वाटतो. तेव्हाच्या नवागताला मात्र प्रश्न विचारताना हात आखडता घ्यावासा वाटला असेल, तर नवल नाही.

६/ जागेच्या टंचाईचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. जुने संदेश ठरावीक काळाने पुसून टाकले जात. म्हणजे या विराट चर्चेला स्मरणशक्तीच नव्हती. मार्च महिन्यात कोणी दिलेले सुरेख उत्तर जूनमध्ये येणाऱ्याला दिसत नसे; तो तोच प्रश्न नव्याने विचारी. दोष त्याचा नव्हता. आणि तेच उत्तर पाचव्यांदा लिहिताना वैतागणाऱ्याचाही फारसा नव्हता. पुढच्या चाळीस वर्षांतील जवळजवळ प्रत्येक शोध या एका पेचातून निघाला आहे, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

७/ पहिला तोडगा म्हणजे ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’. आज बँकेपासून रेल्वेपर्यंत सर्वत्र दिसणारी ही संज्ञा नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील यूजीन मिया यांच्याकडे जाते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अंतराळविषयक टपालयादीवर त्याच त्या शंका येत. मिया यांनी त्यांची उत्तरे एकत्र करून ती यादी नियमितपणे पुन्हा पुन्हा प्रसृत करण्याची रीत पाडली. संदेश पुसले जातात ना? मग उत्तरेच ठरावीक दिवशी परत येत राहतील. पंचांगासारखी.

८/ ही प्रथा झपाट्याने रुजली. स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून सी भाषेची अशी प्रश्नोत्तरे सांभाळली, वाढवली, दुरुस्त केली. १९९५ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. जीन स्पॅफर्ड यांनी नवागतांसाठीच्या सूचनापत्रांचा सांभाळ वर्षानुवर्षे केला. ब्रॅड टेम्पलटन यांनी शिष्टाचाराचे उपहासात्मक धडे लिहिले : काय करू नये तेच गंभीर चेहऱ्याने ‘करा’ म्हणून सांगणारे. पगार नाही, पद नाही. तरीही ही कामे नेमाने होत राहिली.

९/ या साऱ्या प्रश्नोत्तरांचा मोठा संग्रह एमआयटीच्या एका संगणकावर होता. त्या संगणकाचे नाव ‘आरटीएफएम’. हा एका शिवराळ इंग्रजी वाक्याचा संक्षेप. त्याचा सभ्य अर्थ ‘आधी ती पुस्तिका वाच’. नवशिक्याला झिडकारण्यासाठी वापरला जाणारा शब्द नवशिक्यांसाठीच्या सर्वांत उपयुक्त भांडाराला मिळाला होता. औदार्य आणि उर्मटपणा एकाच दारावर. या समाजाचा स्वभाव इतक्या थोडक्यात दाखवणारी दुसरी खूण सापडणे कठीण.

१०/ मग सप्टेंबर आला. दरवर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी दाखल होत, त्यांना प्रथमच यूझनेट मिळे आणि गटांमध्ये गोंधळ उडे. महिन्या-दोन महिन्यांत जुने लोक त्यांना रीतिभाती शिकवत आणि घडी बसे. पण १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांसाठी यूझनेटचे दार उघडले. आता नवागतांची लाट ओसरेना. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर यांनी लिहिले की, सप्टेंबर १९९३ हा कधीही न संपलेला सप्टेंबर म्हणून इतिहासात ओळखला जाईल. ‘शाश्वत सप्टेंबर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

११/ ही कथा बहुधा जुन्यांच्या बाजूने सांगितली जाते : बाहेरचे आले आणि वाडा बिघडला. जरा थांबून विचार करू. जुनी व्यवस्था एका गणितावर उभी होती. शिकवणारे पुष्कळ, शिकणारे थोडे आणि शिकवायला अकरा महिने. हे प्रमाण उलटताच ती कोसळली. नवागत पूर्वीपेक्षा अधिक मूर्ख झाले नव्हते. माणसाने माणसाला शिकवण्याची पद्धत त्या संख्येला पुरी पडत नव्हती. म्हणून ज्ञान माणसाबाहेर, कायम टिकेल अशा जागी ठेवणे भाग पडले.

१२/ असे करून दाखवले लिनक्सच्या लोकांनी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने आपल्या छोट्या कार्यप्रणालीची वार्ता यूझनेटवरच दिली होती. लवकरच मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस, मायकेल जॉन्सन आदींनी लिनक्स दस्तऐवज प्रकल्प उभा केला. त्यातील ‘हाउटू’ लेखांचे वैशिष्ट्य त्यांच्या नावातच आहे. ते आज्ञेच्या नावाने नव्हे, वाचणाऱ्याच्या कामाच्या नावाने सुरू होत : छपाईयंत्र कसे जोडावे, मोडेम कसा चालवावा. १९७१ च्या पुस्तिकेत राहिलेली उणीव इथे भरून निघाली.

१३/ आपल्याकडे या लेखांचे मोल निराळेच होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. आणि ते महाग होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या. लिनक्सच्या सीडींवर ‘हाउटू’ लेखही असत, म्हणजे टेलिफोनचे बिल न वाढवता ते वाचता येत. मुंबई-पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचे गट उभे राहिले. लेखातले जे उमगत नसे, ते विचारायला जागा झाली.

१४/ मात्र ‘हाउटू’ लेखाला एक लेखक असे. तो नोकरीत गुंतला, कंटाळला की लेख शिळा होई. या प्रश्नाला उत्तर मिळाले २५ मार्च १९९५ रोजी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी प्रोग्रॅमरांच्या अनुभवांची देवाणघेवाण व्हावी म्हणून एक संकेतस्थळ खुले केले, ज्याचे कोणतेही पान कोणीही बदलू शके. नाव ‘विकीविकीवेब’. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून हे नाव त्यांना सुचले होते.

१५/ विकीने वाचणारा आणि लिहिणारा यांमधली भिंत पाडली. यात नवशिक्याचा एक लपलेला लाभ होता. सूचनेतील कोणती पायरी गाळली गेली आहे, हे तज्ज्ञाला दिसत नाही. त्याचे हात ती पायरी आपोआप चढून जातात. तिथे अडखळतो तो नवखाच. आता अडखळलेला माणूस तिथल्या तिथे एक ओळ घालून पुढच्यासाठी वाट नीट करू शकत होता. (‘योग्य उत्तर हवे असेल तर चुकीचे उत्तर लिहा’ हा ‘कनिंगहॅमचा नियम’ तुम्ही ऐकला असेल. तो आपल्या नावावर चुकून खपवला गेल्याचे स्वतः कनिंगहॅम यांनी सांगितले आहे.)

१६/ विकीच्या पोटात एक धोकाही होता. सगळ्यांनी मिळून लिहिलेले कोणा एकाच्या यंत्रावर असते. जेंटू लिनक्ससाठी उत्साही लोकांनी चालवलेली एक अनधिकृत विकी होती. तिच्यावर विसंबून कित्येकांनी लिनक्स शिकले, अगदी जेंटू न वापरणाऱ्यांनीही. २००८ साली तिचा विदासंच नष्ट झाला आणि परत आणता येईल अशी पुरेशी प्रत कोठे ठेवलेली नव्हती. वर्षांची मेहनत एका फटक्यात गेली. आज आर्च लिनक्सची विकी हे स्थान भूषवते, पण ताम्रपट आणि शिलालेख यांवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या नव्या साधनांचे आयुष्य किती अल्प असू शकते, हे विसरू नये.

१७/ इथवर आपण साधने पाहिली. आता स्वभावाकडे वळू. १९९८ साली डेब रिचर्डसन यांनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट काढला. प्रस्थापित चर्चागटांतील उद्धट वातावरणाला तो पर्याय होता. त्याचे मूळ नियम दोनच : सौजन्याने वागा आणि मदत करा. साधी गोष्ट, पण ती नियम म्हणून लिहावी लागली, यातच त्या काळाचे वर्णन आले.

१८/ २००१ साली दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडली गेली. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी ‘प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत’ या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला. आधी स्वतः शोधा, काय काय करून पाहिले ते सांगा, चुकीचा संदेश जसाच्या तसा द्या, मथळा नेमका लिहा. हा उपदेश आजही खरा आहे आणि तो पाळणाऱ्याला उत्तम उत्तरे मिळतात. सूर मात्र गडावरून पायथ्याशी बोलल्यासारखा. पुढे गंमत अशी झाली की, ज्याने प्रश्न नीट विचारायला शिकावे म्हणून निबंध लिहिला, त्याच्याच तोंडावर तो फेकण्याची चाल पडली.

१९/ ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर एक आचारसंहिताही. इतरांचा विचार करा, आदराने वागा, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. उबुंटूच्या फोरमवर अगदी नवख्यांसाठी वेगळा विभाग होता. तिथे प्रश्न कितीही साधा असला तरी चाले. लिनक्सची तांत्रिक गुणवत्ता इतर वितरणांतही होती. पण घरच्या संगणकावर प्रथमच लिनक्स घालणारा सामान्य माणूस मोठ्या संख्येने उबुंटूकडे वळला, त्यात या मोकळ्या दाराचा वाटा नाकारता येत नाही.

२०/ दार बंद होत गेले तर काय होते, याचा मोजमापासह पुरावा विकिपीडियाने दिला. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात ‘नवागतांना चावू नका’ अशा अर्थाची मार्गदर्शक सूचना आहे. तरीही इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोहोचून मग घसरत गेली. आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कारण पुढे आले : उपद्रव रोखण्यासाठी उभारलेली स्वयंचलित साधने आणि कडक नियम यांमुळे प्रामाणिक नवागतांचे लेखनही उडवले जात होते, आणि ते परत येत नव्हते. तटबंदी शत्रूसाठी बांधली होती. अडले रयतेचे लोक. २०१२ मध्ये तिथे नवख्यांसाठी ‘टीहाउस’ हे मदतस्थळ उघडण्यात आले.

२१/ मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा. तिथल्या सामायिक चर्चापानाचे नाव ‘चावडी’. या नावात घरगुती आपलेपणा आहे. मराठी नवागताची पहिली अडचण मात्र इंग्रजीतल्या नवागताला कधी आलीच नव्हती : देवनागरीत टंकलेखन कसे करायचे? ज्याच्या कळफलकावर स्वतःची लिपी नाही, त्याला लेखनाचे नियम शिकवण्याआधी ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ उमटवायला शिकवावे लागे. टंकलेखनाच्या साहाय्यपानांना तिथे म्हणूनच पायाभूत महत्त्व आले.

२२/ सप्टेंबर २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ सुरू केले. यूझनेटच्या पेचावर हा आजवरचा सर्वांत चतुर तोडगा. एक प्रश्न, त्याखाली उत्तरे, वाचकांची मते, उत्तम उत्तर वर. आधी विचारलेला प्रश्न ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद करायचा आणि जुन्या उत्तराकडे बोट दाखवायचे. त्यामुळे गाळलेले, पारखलेले ज्ञान साठत गेले. कोट्यवधी लोकांनी एकही प्रश्न न विचारता त्याचा लाभ घेतला.

२३/ पण उत्तरे जपण्यासाठी बनवलेली व्यवस्था प्रश्न विचारणाऱ्याला बोचू लागली. नवखा येई, तासाभरात प्रश्न बंद झालेला पाही, वर उणे मते. जुन्या उत्तराचा आपल्या प्रश्नाशी संबंध काय, हेच त्याला उमजत नसे. ते उमजण्याइतके ज्ञान असते तर प्रश्न पडलाच नसता. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीरपणे मान्य केले की, आपली जागा पुरेशी स्वागतशील नाही, विशेषतः नवशिक्यांसाठी. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली.

२४/ पवईच्या आयआयटी मुंबईतून निघालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार झाले. त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. त्यांच्या फोरमवर शंका विचारताना पाठातील नेमके मिनिट आणि सेकंद सांगता येतात. ‘मी इथे अडलो’ एवढेच. आपली अडचण तांत्रिक परिभाषेत मांडता न येणे हेच नवशिक्याचे खरे दुखणे. त्यावर इतका साधा उपाय फार थोड्यांना सुचला.

२५/ नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. स्टॅक ओव्हरफ्लोने अवघ्या काही दिवसांत, डिसेंबरच्या आरंभी, त्याने लिहिलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. ती दिसायला अचूक आणि अनेकदा चुकीची असत. पण प्रश्नकर्त्यांनी वाट बदलली होती. पुढच्या वर्षांत तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने खाली गेली. का जाणार नाही? यंत्र कधी कंटाळत नाही, उणे मत देत नाही, पुस्तिका तोंडावर फेकत नाही. अपमानाचे भय संपले, हा नवशिक्याचा खराखुरा लाभ आहे. तो क्षुल्लक मानू नये.

२६/ गेले ते दुसरेच काही. फोरमवरचा प्रश्न चव्हाट्यावर असे. एकाला मिळालेले उत्तर पुढच्या हजारांना मिळे आणि चूक असेल तर तिसरा येऊन ती दाखवी. यंत्राशी झालेला संवाद त्या दोघांतच राहतो. यूझनेटवर संदेश पुसले जात म्हणून तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागत. आता ते कोणाला दिसतच नाहीत. शिवाय ही यंत्रे ज्या सार्वजनिक लेखनावर शिकली, त्यात याच स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले पुष्कळ काही आहे. विहिरीतले पाणी नळाने घरोघर आले म्हणून विहिरीचा गाळ काढणे थांबवले, तर नळाला किती दिवस पाणी येईल?

२७/ सत्तर वर्षांच्या या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘शेअर’पासून स्टॅक ओव्हरफ्लोपर्यंत प्रत्येक व्यवस्था मदत करणाऱ्याचा वेळ वाचवण्यासाठी जन्मली आणि तो हेतू रास्त होता. बिघाड झाला तो वाचवलेला वेळ माणसाकडे परत न वळवल्यामुळे. जिथे तो वळवला गेला, तिथे कालचा नवशिका आजचा मदतनीस झाला आणि समाज टिकला. जिथे तो वळवला गेला नाही, तिथे उत्तरे राहिली, माणसे गेली.

२८/ मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण आज काहीतरी शिकत असाल. एखादी अडचण दोन दिवस झगडून सुटली, तर ती कशी सुटली हे चार ओळींत, शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी लिहून ठेवा. मराठीत लिहिलेत तर अधिकच उत्तम. फोरमवर विचारलेला प्रश्न स्वतःच सोडवला असेल, तर ‘सुटले’ एवढे लिहून निघून जाऊ नका. इतिहासाचे साधन कोणी तरी लिहून ठेवले म्हणूनच आपल्याला मिळाले, हे आपण बखरींमुळे आणि दप्तरांमुळे जाणतोच.

धागा समाप्त. आवडल्यास शिकणाऱ्या मित्रापर्यंत पोहोचवा. शंका असतील तर खाली विचारा. आधी कोणी विचारल्या असतील, तरी चालेल. 🙏